मांडी आणि पकड

केसाला जीव नसतो. कापला तर दुखत नाही, आणि महिन्याभरात सेंटीमीटरभर पुन्हा वाढतो. तरीही विश्वासाच्या गोष्टी बोलताना आपल्या भाषेनं केसच हाताशी धरला. गोड बोलून कुणी दगा दिला तर ‘त्यानं केसानं गळा कापला’ असं आपण म्हणतो. कुणाला अभय द्यायचं तर ‘तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही’ असं म्हणतो. हा निर्जीव केस आपल्या मनात मात्र फार नाजूक जागी बसलेला आहे.

लहान मुलाला केस कापायला नेताना ही दोन्ही वाक्यं मला आठवतात. मूल रडतं, अंग ताठ करतं, खुर्चीवरून घसरतं. मोठी माणसं त्याला धरतात. पाच मिनिटांत काम उरकतं. डोळे पुसून, पावडर लावून त्याला घरी आणतात आणि सगळे म्हणतात, ‘‘बघ, किती छान दिसतोस! उगीच रडत होतास.’’ केस छान कापलेले असतात हे खरंच. पण त्या पाच मिनिटांत आणखी काही कापलं गेलं का, हे कुणी पाहत नाही.

आमच्या भागातल्या बायकांचा दुपारचा स्वाध्याय असतो. गेल्या चातुर्मासात अणुव्रतांचा विषय चालला होता. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत गेलेल्या बहुतेकींना पाठ असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणं, मारणं, अवयव छाटणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि खाणंपिणं रोखणं. वाचणाऱ्या आक्का नेहमीप्रमाणे बैलाचं आणि गड्याचं उदाहरण देत होत्या. तेवढ्यात मागं बसलेली एक तरुण सून, मांडीवरचं दोन वर्षांचं पोर सावरत म्हणाली, ‘‘आक्का, ह्याचे केस कापताना एक जण हात धरतो, एक जण डोकं धरतो, आणि हा नुसता किंचाळत असतो. मग तो बंध होतो काय?’’

सगळ्या हसल्या. आक्काही हसल्या. ‘‘अगं, ते त्याच्या भल्यासाठी की!’’ म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. अतिचारांची ती यादी झाली तेव्हा घराघरांत बैल होते, आश्रित होते. जो जीव पूर्णपणे आपल्या हातात आहे, ज्याला तक्रार करता येत नाही आणि सोडूनही जाता येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, हे तपासायला ती यादी आहे. आता आमच्या घरांत बैल राहिले नाहीत. कामाला येणारी बाई पटलं नाही तर दुसरं घर धरते, आणि तिनं ते धरावंच. मग पूर्णपणे आपल्या हातात कोण उरलं? एक लहान मूल. आणि दुसरं एक माणूस, त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

मूल कशाला भितं हे कळायचं तर त्याच्या उंचीवरून पाहावं लागतं. दुकानातली खुर्ची मोठ्यांची. तिच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून तिच्यावर त्याला बसवतात. पाय खाली टेकत नाहीत, नुसते लोंबत राहतात. गळ्याभोवती कापड बांधलं की हात त्याखाली गडप होतात. समोर आरसा, आणि आरशात आपल्या मागं उभा असलेला अनोळखी माणूस. त्याच्या हातात कात्री. हीच कात्री घरात हातात घेतली की आपण ओरडतो, ‘‘ठेव ती, कापेल!’’ ‘कापणं’ या शब्दाचा त्याला आलेला अनुभव एकच. बोट कापलं होतं आणि रक्त आलं होतं. बोट कापलं तर दुखतं आणि केस कापले तर दुखत नाही, हे ज्ञान कुणी पोटातून शिकून येत नाही.

मग पाण्याचा फवारा अचानक तोंडावर येतो. मशीन कानामागं टेकलं की त्याचा आवाज नुसता कानातून येत नाही, डोक्याच्या हाडातून आत घुमतो. मान खाली दाबली की काय चाललंय ते दिसत नाही. बारीक केस मानेत जातात आणि खरोखर टोचतात. काही मुलांना स्पर्श आणि आवाज आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतात. स्वमग्न मुलांच्या आयांना हे सांगावं लागत नाही. आपल्याला जी नुसती घरघर वाटते, ती त्या मुलाला असह्य होत असते. ते नाटक नसतं, हट्टही नसतो.

मुलींचं तर आणखी वेगळं. त्यांना दुकानात न्यावं लागत नाही, घरीच रोज सकाळी शाळेच्या घाईत आईच्या दोन गुडघ्यांमध्ये मान अडकते. फणी ओढली जाते, गुंता निघतो, डोळ्यांत पाणी येतं. ‘‘हलू नकोस गं!’’ हे वाक्य ऐकत वाढली नाही अशी आपल्यात कोण आहे?

या भीतीवर घरोघरी तीन उपाय चालतात : धाक, खोटं आणि लालूच.

धाकाचं नेहमीचं वाक्य आहे, ‘‘गप बस, नाहीतर मामा कान कापतील.’’ पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत ‘छेद’ या अतिचाराचा अर्थ सांगताना कान, नाक यांसारखे अवयव कापणं असंच सांगितलंय. जे पाप म्हणून आपण पाठ केलं, तेच धमकी म्हणून पोराला ऐकवतो. या एका वाक्यानं दोन माणसांवर अन्याय होतो. मुलाला आपल्या कानाची चिंता लागते. आणि जो माणूस दिवसभर उभा राहून, पाठ दुखेपर्यंत लोकांची डोकी नीट करतो, तो एका मुलाच्या मनात राक्षस होऊन बसतो. डॉक्टर, पोलीस, न्हावी आणि झोळीवाला, या चौघांना आपण बागुलबुवाच्या कामाला लावलंय. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

दुसरा उपाय खोट्याचा. ‘‘चल, आइस्क्रीम खायला जाऊया’’ म्हणून निघायचं आणि नेऊन खुर्चीवर बसवायचं. किंवा ‘‘काहीच होत नाही’’ म्हणायचं. काहीच कसं होत नाही? पाणी उडतं, गुदगुल्या होतात, केस टोचतात. दोन मिनिटांत मुलाला कळतं की आईनं सांगितलेलं खरं नव्हतं. सत्याणुव्रताचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढं कोर्टातली साक्ष आणि दुकानातला हिशेब येतो. पण माणसाला आयुष्यातलं पहिलं खोटं बहुतेक वेळा घरातलंच प्रेमाचं माणूस सांगतं, आणि ते त्याच्या भल्यासाठी सांगतं. पुढं चौथीत-पाचवीत तेच मूल आपल्याशी खोटं बोललं की आपण विचारतो, ‘‘हे कुठून शिकलास?’’

तिसरा उपाय लालूच, म्हणजे आता मोबाइल. पडद्यावर चित्रं नाचायला लागली की मूल गप्प होतं आणि मामांचं काम होतं. यात मारहाण नाही, खोटंही नाही, आणि एखाद्या मुलाला तेवढ्यानं खरंच बरं वाटत असेल तर त्याला मी नावं ठेवणार नाही. पण एवढं दिसतं की भीती तिथंच राहते. तिच्यावर नुसतं पांघरूण पडतं. ‘मला भीती वाटली, मी बसलो, आणि ती गेली’ हा अनुभव मुलाचा स्वतःचा असायला हवा. तो त्या पडद्यात हरवून जातो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा विचार करत बसलं तर संसार कसा व्हायचा? औषध कडू लागलं म्हणून द्यायचं नाही? इंजेक्शनला रडतो म्हणून टोचायचं नाही? भर रस्त्यात पळाला तर हात धरायचा नाही?

धरायचाच. गाडी आली तर विचारत बसायला वेळ नसतो. जखम धुवायची असेल, लस टोचायची असेल, तर घट्ट धरावं लागतं. डोक्यात जखम झाली असेल किंवा उवा-लिखांनी डोकं सोलून निघालं असेल, तर केसांच्या बाबतीतही घाई करावी लागेल. म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. जबरदस्ती करण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. हे थांबू शकतं का? आणि घाई कुणाची आहे? लस चुकली तर धोका मुलाला असतो. केस आठवडाभर लांब राहिले तर मुलाला कसलाच धोका नसतो. घाई असते ती लग्नाच्या फोटोची, पाहुण्यांच्या बोलण्याची, आज रविवार मोकळा आहे याची. त्या घाईसुद्धा खऱ्या असतात, खोट्या म्हणत नाही मी. पण त्या आपल्या असतात. आपल्या घाईला ‘त्याचं भलं’ हे नाव दिलं की तिथं गोंधळ सुरू होतो. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, असं आपल्याला तत्त्वार्थसूत्र शिकवतं. प्रमाद म्हणजे क्रूरपणाच असतो असं नाही. बेसावधपणा, आपण काय करतोय इकडं लक्ष नसणं, हाही प्रमादच.

शिवाय धरण्याधरण्यातही फरक आहे. जावळ काढण्याची आपली रीत आठवा. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात ज्या संस्कारांची यादी आहे, तिच्यात केशवाप येतो. त्याचे मंत्र आणि विधी आता सगळ्यांना ठाऊक नसतील, पण बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचं हे आपल्याकडच्या बाईला सांगावं लागत नाही. मांडीच का? उंच पाटावर, चौरंगावर बसवता आलं असतं. पण मांडी ऊबदार असते, तिला ओळखीचा वास असतो, आणि मागं टेकायला छाती असते. मामाचे हात बाळाभोवती असतातच, पण ते त्याला सांभाळायला असतात. मांडी आणि पकड यांत दिसायला फार फरक नाही. दोन्हींत हात तसेच गुंफलेले असतात. आतलं मूल मात्र तो फरक लगेच ओळखतं.

माझी मुलगी हुबळीला असते. तिचा चार वर्षांचा मुलगा तिथल्या दुकानात केस कापायचं नाव काढलं की पलंगाखाली जाऊन बसायचा. मागल्या मे महिन्यात दोघं बेळगावला आली होती. माझ्या दिराच्या मुलीचा साखरपुडा आठवड्यावर होता आणि पोराचे केस डोळ्यांवर आले होते. आमच्या ह्यांचे केस गेली तीस वर्षं शहापुरातले एक मामा कापतात. त्यांच्याकडे न्यायचं ठरलं. पहिल्या दिवशी पोर दाराशीच अडलं. मामांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘‘वैनी, आज केस राहू देत. नुसतं बसू दे त्याला बाकावर.’’

तो बसला. आजोबांचे केस कापले जाताना बघत होता. मामा बोलत नव्हते, आपलं काम करत होते. उठताना त्यांनी पाण्याचा फवारा त्याच्या हातात दिला. त्यानं आधी स्वतःच्या हातावर उडवला, मग आजोबांच्या टकलावर. दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत बसला आणि खुर्ची गोल फिरवून घेतली. कात्री नाही. तिसऱ्या दिवशी मामांनी जमिनीवर पडलेले केस त्याला दाखवले. ‘‘ह्यांना विचार बघू, दुखलं काय?’’ तो खाली बसून केसांकडे बराच वेळ बघत राहिला.

कापायच्या दिवशी मी त्याला सगळं आधी सांगितलं. पाणी गार लागेल, मानेत केस टोचतील, कानाजवळ कचकच आवाज येईल, पण कात्री तुला लागणार नाही. मामांनी त्यात एक भर घातली. ‘‘तू हात वर केलास की मी थांबणार.’’ हात बाहेर राहावेत म्हणून कापड काखेखालून बांधलं. मशीन काढलं नाही, कात्रीच. उजवी बाजू झाली, मागची झाली. डाव्या कानाजवळ कात्री आली आणि पोरानं हात वर केला. मामा थांबले. थोड्या वेळानं विचारलं, ‘‘करूया पुढं?’’ मान हलली, नाही. डोळे भरले होते.

संध्याकाळचे सात वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपुडा. एका बाजूचे केस आखूड, दुसऱ्या बाजूचे कानावर. माझी मुलगी अगदी रडकुंडीला आली. ‘‘आई, एवढंच राहिलंय. धरूया की दोन मिनिटं. असा नेऊ त्याला?’’ तिचं काही चुकत नव्हतं. सासरची माणसं येणार होती, आणि आईच्या मुलाकडे बघून आईची परीक्षा होते, हे आपण सगळ्याच जाणतो.

मामांनी कात्री आरशापुढच्या फळीवर ठेवली होती. ते म्हणाले, ‘‘ताई, त्याला मी शब्द दिलाय.’’

दुसरं काही बोलले नाहीत. कापड सोडलं, मान ब्रशनं झाडली आणि त्याला खाली उतरवलं. तो तसाच साखरपुड्याला गेला. निम्म्या पाहुण्यांनी विचारलं, निम्मे नुसते हसले. नवऱ्या मुलाच्या आजीनं त्याला जवळ घेऊन विचारलं, ‘‘कुणी रे असं केलंय?’’ तो ऐटीत म्हणाला, ‘‘मी थांब म्हणालो.’’

दोन दिवसांनी सकाळी त्यानंच विचारलं, ‘‘मामांचं दुकान उघडलंय काय?’’ गेलो. डाव्या बाजूचे केस कापताना त्यानं दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा मामा थांबले. दुसऱ्या वेळी तर तो घाबरलेलाही नव्हता. हात अजून चालतो का, एवढंच बघत होता. आपल्या ‘थांब’ला जगात किंमत आहे, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. ती झाल्यावर तो शेवटपर्यंत बसला.

मामांनी खाली ठेवलेल्या त्या कात्रीवरून मला आपल्याकडच्या एका जुन्या गोष्टीची आठवण झाली. एके काळी विधवेचं केशवपन होत असे. त्यातल्या कित्येक जणी अजाण मुलीच असायच्या. नवरा गेला म्हणजे काय हेही ज्यांना कळत नव्हतं, त्यांना बसवून डोकं भादरलं जायचं. धरणारे हात घरातल्याच माणसांचे असायचे, आणि ‘हे तुझ्याच भल्यासाठी, घराण्याच्या अब्रूसाठी’ हे शब्दही तेच. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार तिथं झाला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत वाढलेले हे लोखंडे गिरणी कामगारांचे पुढारी होते. शिकल्यासवरल्या घरांना जे सुचायला वेळ लागला, ते वस्तरा धरणाऱ्या हातांना उमगलं होतं.

पोराच्या केस कापण्याची आणि त्या बायकांच्या दुःखाची बरोबरी मी करत नाही. ती होऊच शकत नाही. त्यांचं सगळं आयुष्य हिरावलं जात होतं. पण दोन्हींच्या तळाशी एक प्रश्न तोच आहे : डोकं कुणाचं? आणि ज्याचं डोकं आहे त्याचं ‘नको’ ऐकून कुणीतरी हातातलं हत्यार खाली ठेवणार आहे का? हे ऐकण्याची सवय मोठ्या प्रसंगी एकाएकी येत नाही. ती छोट्या प्रसंगांत लागलेली असावी लागते.

कुणी म्हणेल, आपल्या धर्मात तर केस उपटण्यालाच तप म्हटलंय. मग थोडं सोसायला मुलाला शिकवलं तर काय बिघडलं? भोजच्या आचार्य शांतिसागर महाराजांच्या (१८७२–१९५५) काळापासून आपल्या या भागाला मुनिदर्शनाची सवय आहे. दोन, तीन, फार तर चार महिन्यांनी होणारा केशलोच आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्या दिवशी उपवास. हाताला राख लावायची आणि डोक्याचे, दाढीमिशीचे केस मुठीनं उपटायचे. वस्तरा नाही, कात्री नाही. आर्यिका माताजीही हेच करतात. पुढं बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मुलं तर श्वास रोखून बघतात. माझ्या नातवानंही विचारलं होतं, ‘‘आज्जी, महाराजांना दुखत नाही?’’

मी सांगितलं, ‘‘दुखतं रे.’’

‘‘मग कोण धरत का नाही त्यांना?’’

त्याच्या अनुभवातून आलेला तो अगदी सरळ प्रश्न होता. केस काढायचे म्हणजे कुणीतरी धरणार, एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि त्याच प्रश्नात आक्कांच्या ‘भल्यासाठी की’चं उत्तरही होतं. महाराजांना कुणी धरत नाही. हात त्यांचा, डोकं त्यांचं, निश्चय त्यांचा. दीक्षेआधी गुरू त्यांना वर्षानुवर्षं पारखतात, घरच्यांची संमती विचारतात. एवढं सगळं झाल्यावर जे सोसलं जातं ते तप. तेच केस दुसऱ्या कुणी धरून उपटले असते तर त्याला आपण उपसर्ग म्हटलं असतं. वेदना तीच असती. सोसण्याचं मोल सोसणाऱ्याच्या मर्जीत असतं. म्हणून मुलाला सोसायला शिकवायचं असेल तर आधी त्याला ‘हो’ म्हणायची संधी द्यावी लागते, आणि ‘नाही’ म्हणायची जागा नसेल तर त्या ‘हो’ला काही अर्थ राहत नाही.

यात कष्ट आहेत, हे मला मान्य आहे. एका केस कापण्यासाठी चार-पाच खेपा घालायला प्रत्येकीला वेळ नसतो. नोकरी करणाऱ्या सुनेला तर नसतोच. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात आणि प्रत्येक ठिकाणी असे मामा भेटत नाहीत. पण सगळंच जमत नाही म्हणून काहीच करायचं नाही, असं थोडंच आहे? गर्दी नसलेल्या वेळी न्यावं. मूल उपाशी किंवा झोपेला आलेलं नसावं. कात्रीनं भागत असेल तर मशीन राहू द्यावं. मांडीवर बसवून कापून देतात का, ते विचारावं. नाहीच म्हणाला तर घरी अंगणात, त्याच्या बाहुलीचे केस आधी ‘कापून’, मग त्याची एकेक बट उतरवावी. थोडे वाकडेतिकडे होतील. आणि जे होणार आहे ते खरं सांगावं. अणुव्रत म्हणजे छोटं व्रत. आपल्या संसारी माणसांना झेपेल एवढंच ते मागतं.

आता ते दुसरं माणूस. घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी असते. कधी सासू, कधी आई. तिचे केस विंचरायला वेळ लागतो, गुंता होतो, उशीला तेलाचे डाग पडतात. एक दिवस कुणीतरी म्हणतं, ‘‘बारीक करून टाकूया, तिलाच बरं वाटेल.’’ कात्री येते. तिची ती पांढरी, उंदराच्या शेपटीएवढी राहिलेली वेणी कुणी न विचारता कापून टाकतं. तिला बोलता येत असलं तरी ती बोलत नाही, कारण आता तिची सगळी भिस्त त्याच हातांवर असते. आमच्या नात्यातल्या एका आजींना मी त्यानंतर कितीतरी दिवस मानेमागं हात नेऊन चाचपताना पाहिलं आहे. करणारी माणसं वाईट नव्हती. रात्र-रात्र जागून सेवा करणारी होती. फक्त विचारायचं राहून गेलं होतं.

आज ज्याचं डोकं आपल्या दोन हातांत आहे, त्याच्या हातांत उद्या आपलं डोकं असणार आहे. तेव्हा त्यानं कसं वागावं असं आपल्याला वाटतं, याचा विचार ज्या त्या बाईनं आपल्याशी करावा. मला वाटतं, त्यानं माझ्यासमोर येऊन बसावं. कात्री दाखवावी. ‘‘आई, केस थोडे कमी करूया काय?’’ असं विचारावं. आणि मी नको म्हटलं, तर त्या दिवसापुरतं तरी राहू द्यावं.